गहाण पडलेले वावर आणि भाऊसाहेब

वऱ्हाडात जमिनीच्या सौद्यांचा एक हंगाम असतो. कापसाची शेवटची वेचणी संपते, तूर खळ्यातून घरी येते, लग्नसराई तोंडावर येते आणि गुढीपाडव्यापासून अक्षयतृतीयेपर्यंत एसटी स्टँडावरच्या चहाच्या टपऱ्यांवर एकराचे भाव ऐकू येऊ लागतात. कुणाच्या वाड्याने कुठले वावर काढले, इसार किती दिला, खरेदी कधी लागणार, याची कुजबुज सुरू होते. पूर्वी ही कुजबुज दबक्या आवाजात व्हायची, कारण वावर विकणे म्हणजे घराची अब्रू विकणे होते. आता तितका आवाज दाबावा लागत नाही.

मी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीच शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. त्या टेबलाने मला एक खोड लावली. सातबाऱ्याचा उतारा हातात आला की नजर आधी नावाकडे जात नाही, क्षेत्राकडेही जात नाही. ती जाते इतर हक्काच्या रकान्याकडे. तिथे बोजा लिहिलेला असतो. घराण्याची खरी कुंडली त्या रकान्यात असते. कुणाचे लग्न कुठल्या साली झाले, कुठला दुष्काळ कुणाला भोवला, कुणाचा मुलगा शिकायला बाहेर गेला, हे सगळे त्या दोन ओळींवरून जाणत्याला कळते.

असाच एक बोजा १९२० च्या सुमारास पापळ गावच्या एका शेतावर चढला. त्या बोजाने वऱ्हाडाचा पुढचा इतिहास थोडाफार बदलून टाकला. ते शेत होते शामराव देशमुखांचे, आणि ज्याच्यासाठी ते गहाण पडले तो मुलगा म्हणजे पंजाबराव, आपल्या सर्वांचे भाऊसाहेब.

पापळ हे आजच्या अमरावती जिल्ह्याच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले गाव. तिथे २७ डिसेंबर १८९८ रोजी शामराव आणि राधाबाई यांच्या पोटी पंजाबराव जन्मले. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, पाऊस रुसला आणि वऱ्हाडात महादुष्काळ पडला. जुनी माणसे त्याला छपन्नचा काळ म्हणत, कारण विक्रम संवत १९५६ चालू होता. भाऊसाहेबांच्या पिढीची पहिली आठवणच मुळी रिकाम्या कणगीची होती.

हा दुष्काळ केवळ आभाळाने आणलेला नव्हता. त्यामागे जमिनीचीही एक गोष्ट आहे. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. इंग्रजांनी १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी केली, सर्व्हे नंबर पाडले आणि ज्याच्या नावाने सारा त्याच्या नावाने खाते अशी व्यवस्था लावली. खातेदाराला आपले शेत विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. जिनिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आणि ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी डोलू लागली.

पण जी वस्तू विकता येते ती हातची जाऊही शकते. पूर्वी कुणब्याकडे जमीन होती तरी तिला बाजार नव्हता. त्यामुळे सावकार फार तर पीक ओढून नेई. आता खुद्द वावरच तारण झाले. कापसाला भाव आला की शेतकरी कर्ज काढून जमीन घेई, भाव पडला की तीच जमीन सावकाराच्या खात्यावर जाई. पंजाबात सरकारने १९०० साली कायदा करून शेतकऱ्याची जमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावर बंधन घातले. वऱ्हाडच्या सामान्य कुणब्याच्या जमिनीला तशी आडकाठी नव्हती.

याच मातीत भाऊसाहेबांच्या आधी बावीस वर्षे डेबूजी जन्मला होता, तो पुढे गाडगेबाबा झाला. शेंडगावचे हे पोर मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला मामाच्या घरी वाढले. मामाच्या घरची शेती सावकाराच्या कागदात कशी अडकली आणि न वाचता उठवलेला अंगठा किती महाग पडला, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. १९०५ मध्ये त्याने घर सोडले आणि हाती खराटा घेतला. कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हे बाबांच्या कीर्तनाचे पालुपद त्या दापुरीच्या वावरातून उगवले होते. एका गावच्या अंगठ्याने बाबा घडवले, दुसऱ्या गावच्या गहाणखताने भाऊसाहेब.

भाऊसाहेबांचे शिक्षण गावोगाव हिंडत झाले. पापळची शाळा, मग चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड, नंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. शेतकऱ्याच्या मुलाने मॅट्रिक होणे हीच त्या काळी पंचक्रोशीत बोलायची गोष्ट होती. या मुलाला तर विलायतेला जायचे होते. शामरावांकडे जमीन होती, रोकड नव्हती. वऱ्हाडातल्या बहुतेक देशमुख-पाटलांची स्थिती आजही अशीच असते. अंगणात बैलजोड्या आणि कणगीत दाणा असतो, पण पेटीत पैसा नसतो. शामरावांनी मुलासाठी जमीन गहाण टाकली. ही हकीकत अमरावती जिल्ह्यात आजही शाळाशाळांतून सांगितली जाते.

बँकेच्या माणसाला या जागी थोडे थांबावेसे वाटते. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि कापसाचा भाव चढा होता. त्यामुळे जमिनीचा भावही चढा होता. अशा वेळी वावर विकून टाकणे व्यवहाराला धरून झाले असते. शामरावांनी कर्जाचा रस्ता धरला. विक्रीत माणूस वावराचा निरोप घेतो. गहाणात वावर परत आणायची आशा शिल्लक ठेवतो. पण ती आशा पुरी होणे शेतकऱ्याच्या हातात फारसे नसते. व्याजाचा दर सावकाराच्या हाती, मुदत कोर्टाच्या हाती, पिकाचा भाव लिव्हरपूलच्या हाती आणि पाऊस देवाच्या हाती. त्याच्या स्वतःच्या हाती असतो तो फक्त घाम. भाऊसाहेबांचे पुढचे सारे आयुष्य पाहिले तर असे दिसते की, या चार परक्या हातांपैकी निदान पहिल्या तीन हातांना कायद्याने आणि संघटनेने कसे आवरायचे, याचाच शोध ते घेत राहिले.

१९२० मध्ये ते इंग्लंडला गेले आणि सहा वर्षे तिकडे राहिले. एडिंबरोला एम. ए. झाले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टरही झाले. डॉक्टरेटचा विषय होता वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. बापाचे वावर गहाण ठेवून गेलेल्या कुणब्याच्या मुलाने तिकडे जाऊन वेदांचा अभ्यास करावा, याचे पुष्कळांना नवल वाटते. मला त्यात एक हट्ट दिसतो. ज्या ग्रंथांचा आधार देऊन आपल्याला शूद्र म्हटले जाते, ते ग्रंथ आधी मुळातून वाचू, असा तो हट्ट असावा.

१९२६ मध्ये ते अमरावतीला परतले आणि वकिली करू लागले. विलायतेची पदवी आणि झेपणारी बुद्धी असलेल्या माणसाला त्या काळी पैसा मिळवणे अवघड नव्हते. पण वर्षभरातच त्यांनी भलतेच उद्योग आरंभले. १९२७ मध्ये अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ उभी राहिली, तिच्यात ते पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात या प्रश्नावर अमरावतीला परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवतील असे श्रद्धानंद छात्रालय भाऊसाहेबांनी काढले. आणि त्याच नोव्हेंबरात त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. मुलगी सोनार समाजाची. देशमुखांच्या वाड्यात त्या दिवसांत हे वादळच होते. विमलाबाईंनी ते वादळ पेलले. पतीच्या निधनानंतर त्या स्वतः राज्यसभेच्या सदस्य झाल्या, ही गोष्ट आज फार थोड्यांना आठवते.

१९२८ मध्ये भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तिथे त्यांनी केलेली गोष्ट कोणत्याही पुढाऱ्याला न मानवणारी होती. त्यांनी करवाढ केली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे तर शाळा हव्या, मास्तर हवे आणि त्यासाठी पैसा हवा. तो पैसा जमीनवाल्यांकडून, म्हणजे आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांकडून, घ्यायचा होता. नाराजी झालीच. पण न वाचता अंगठा उठवणाऱ्याची जमीन कुठलाही कायदा वाचवू शकत नाही, ही खूणगाठ त्यांच्या मनाशी पक्की असावी. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे कामही त्यांनी याच खुर्चीवरून केले.

एवढ्यात जगावर मंदी कोसळली. १९२९ नंतर कापसाचा भाव बघता बघता निम्म्याहून खाली आला. कर्ज मात्र तेजीच्या भावाने काढलेले होते. ज्याने दहा खंडी कापसाच्या भरवशावर कर्ज घेतले, त्याला आता ते फेडायला वीस खंडीही पुरेनात. छोटा कास्तकार तर बुडालाच, पण मोठे वाडेही हलले. ज्यांच्याकडे शेकडो एकर होते, त्यांच्याकडे बोजाही त्याच मापाचा होता. सावकार दावे लावू लागले, वावरांचे लिलाव पुकारले जाऊ लागले, आणि घ्यायला गिऱ्हाईक नाही म्हणून तीच जमीन सावकाराच्या नावे चढू लागली. जमिनीच्या बाजाराचा हा एक क्रूर नियम आहे. सगळ्यांना एकाच वेळी विकायचे असते तेव्हा तिला भाव नसतो, आणि भाव असतो तेव्हा कुणाला विकायचे नसते.

१९३० मध्ये भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. वय अवघे बत्तीस. त्यांच्या काळातले वऱ्हाडी माणसाच्या लक्षात राहिलेले काम म्हणजे १९३३ चा कर्जलवाद कायदा. लवाद या शब्दातच त्याचे मर्म आहे. कर्ज बुडवा असे तो सांगत नव्हता. कर्जदार आणि सावकार यांना एका मंडळासमोर बसवून, देणे किती खरे, व्याज किती रास्त आणि फेड किती हप्त्यांत, हे ठरवण्याची सोय त्यात होती. मंडळाने बोलावल्यावर सावकाराने आपला हिशेब मुदतीत मांडायचा. मांडला नाही तर ते कर्ज फिटले असे धरले जाई. देऊ केलेली रास्त तडजोड सावकाराने नाकारली, तर मंडळ कर्जदाराला तसा दाखला देई आणि मग कोर्टात गेल्यावर सावकाराला वाढीव व्याज आणि दाव्याचा खर्च मिळणे अवघड होई. वही सावकाराची, शाई सावकाराची आणि हिशेबही सावकाराचा, अशी जी पिढ्यान् पिढ्यांची रीत होती, तिला प्रथमच कुणीतरी वही उघडून दाखवायला सांगितले.

या तऱ्हेचा हा देशातला पहिला कायदा. पाठोपाठ पंजाब, बंगाल, आसाम, मद्रास या प्रांतांनी असेच कायदे केले. पुष्कळ कर्जे तडजोडीने उतरली, पुष्कळ वावरे लिलावातून वाचली. पण बँकेच्या माणसाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सावकाराने हात आखडता घेतला. जुने कर्ज कमी झाले तरी नव्या पेरणीला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उभा राहिला. सहकारी पतपेढ्या तेव्हा मंदीने स्वतःच मोडकळीला आल्या होत्या. कायद्याने जुनी गाठ सुटते, नवे दाणे मात्र कायदा देत नाही. १९३३ मध्येच भाऊसाहेबांनी मंत्रिपद सोडले. देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकांच्या शिक्षणासाठी व्हावा, असे विधेयक त्यांनी १९३२ मध्ये आणले होते. तेही अनेकांना खुपले होते.

मंत्रिपद गेले तरी हाती एक काम होते. तिसाच्या दशकाच्या आरंभी त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू केली होती. आज वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, या संस्थेची शाळा नाही तर कॉलेज सापडेल. बँकेत माझ्यासमोर कर्जाच्या कागदावर सही करायला येणाऱ्या शेतकऱ्यांतले कितीतरी जण शिवाजीत शिकलेले असत. ते आधी कागद वाचत आणि मग सही करत. कधी कधी मला वेळ नसताना ते दोनदा वाचत. तेव्हा मी मनात चरफडत असे. आता वाटते, ती चरफड हीच भाऊसाहेबांच्या कामाची पावती होती.

पुढचा काळ दिल्लीचा. घटना समितीत ते होते आणि खेड्यातल्या माणसाला राज्यकारभारात वाटा किती, हा प्रश्न ते तिथे पुनःपुन्हा मांडत राहिले. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीनही निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेवर पाठवले. १९५२ पासून दहा वर्षे ते केंद्र सरकारात शेतीचे काम पाहत होते. जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम त्यांच्याच काळातली. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. कामगारांच्या संघटना आहेत, व्यापाऱ्यांचे चेंबर आहे, मग शेतकऱ्याचे काय, हा त्यामागचा रोकडा विचार. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. पापळच्या धुऱ्यावरून निघालेली वाट इतकी लांब गेली.

ते दिल्लीत असताना इकडे वऱ्हाडात जमिनीचा नकाशा पुन्हा बदलत होता. विदर्भासाठी १९५८ मध्ये कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९६१ हा कृषकदिन ठरला. कसणारे कूळ मालक होऊ लागले. १९६१ मध्येच कमाल जमीनधारणेचा कायदा झाला आणि १९७५ मध्ये तो आणखी कडक होऊन कोरडवाहूची मर्यादा कुटुंबाला ५४ एकरांवर आली. मोठ्या वाड्यांनी काय केले, हे गावोगाव ठाऊक आहे. कुणी वाटण्या केल्या, कुणी घाईने विक्रीखते केली, कुणी सालदाराच्या नावावर शेत चढवले आणि पुढे तो सालदार खराच मालक होऊन बसला. हा मालकीचा बदल भाऊसाहेबांना पुरता पाहायला मिळाला नाही. १० एप्रिल १९६५ रोजी ते दिल्लीत वारले. विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे म्हणून पुढे मोठे आंदोलन झाले आणि १९६९ मध्ये अकोल्याला ते स्थापन झाले. त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. माणसाचे आणि गावाचे नाव सांगत नाही. एका जुन्या वाड्याचा वारस माझ्याकडे आला होता. मुलीच्या शिक्षणासाठी पाच एकर विकायचे त्याच्या मनात होते. मला शामराव आठवले. मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितले की वावर विकू नका, कर्ज घ्या, मुलगी फेडील. त्याने ऐकले. लागोपाठ दोन वर्षे बोंडअळीने आणि पावसाने धुऊन नेली. पाच वर्षांनी त्याने पाचाऐवजी अकरा एकर विकले आणि बोजा उतरवून घ्यायला माझ्याच टेबलासमोर बसला. मुलगी शिकली, नोकरीलाही लागली. तो मला काही बोलला नाही. पण मी शामरावांचे धैर्य सांगताना त्यांचे दैव सांगायला विसरलो होतो, हे मला तेव्हा कळले. सगळ्यांची मुले भाऊसाहेब होत नाहीत, आणि सगळ्यांचे गहाण सुटत नाही.

म्हणून वावर विकणाऱ्याला नावे ठेवायला आता माझी जीभ उचलत नाही. त्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून आज समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याच्यासाठी जमिनी घेताना रेडीरेकनरच्या कितीतरी पट पैसा शेतकऱ्याच्या खात्यात आला. कुणी त्यातून दूर कुठे दुप्पट वावर घेतले, कुणी मुलांना शिकवले, कुणाच्या दारात दोन गाड्या आल्या आणि तीन वर्षांत गेल्या. अमरावती-अकोल्याच्या कडेने ज्वारीच्या जागी लेआऊटचे दगड उभे आहेत. मोठ्या वाड्यांचे वारस पुण्यात नाही तर परदेशात आहेत. सालगडी मिळत नाही, ठोक्याने दिलेल्या शेताची मशागत होत नाही, आणि मग वावर बाजारात येते. यात पाप कुणाचेच नाही.

पण भाऊसाहेबांचे आयुष्य आपल्याला एक प्रश्न विचारायला शिकवते. वावर गेले, हे खरे. त्याच्या बदल्यात घरात काय आले? पापळच्या शेतावर बोजा चढला आणि त्याच्या बदल्यात एक शिकलेला माणूस आला, त्याच्यामागून शाळा आल्या, त्याच्यामागून वही उघडायला लावणारा कायदा आला. सावकाराने लबाडीने घेतलेली जमीन चौकशी करून मूळ मालकाला परत देण्याची सोय महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे. तो कायदा वाचताना मला तरी १९३३ चा लवाद आठवतो. ऐंशी वर्षांनंतरही आपण त्याच रस्त्यावर चालत आहोत.

या हंगामात तुमच्या घरी सौद्याची बोलणी चालली असतील, तर खरेदीखतावर सही करण्याआधी मुलांना जवळ बसवा. जुना उतारा त्यांच्या हाती द्या आणि इतर हक्काचा रकाना त्यांच्याकडून वाचून घ्या. कुठला बोजा कशासाठी चढला आणि कसा उतरला, ते सांगा. वावर राहील की जाईल, ते तुमच्या घरच्या अडचणी ठरवतील. ते कशासाठी गेले, हे मात्र मुलांना ठाऊक असू द्या.